चौधरीही मी, पाटीलही मी

"मॅडम, गोळ्यांच्या कोटिंगवर तुम्ही कधी काम केलंत?" प्राचार्यांनी कॉम्प्युटरची स्क्रीन माझ्याकडे वळवली.

कधीच नाही. मी न्यूरोफार्माकॉलॉजीची. औषध मेंदूवर काय करतं ते उंदरांवर तपासायचं, हा माझा उद्योग. कोटिंग मी परीक्षेपुरतं वाचलं होतं. पण इंटरनेटवर माझ्या नावाच्या प्रोफाइलमध्ये, जिथे माझे पेपर दिसायला हवेत, तिथे गोळ्याच गोळ्या होत्या.

जळगावच्या आमच्या फार्मसी कॉलेजात मी प्रोफेसरच्या पदासाठी अर्ज केला होता आणि मुलाखत तोंडावर आली होती. हल्ली तुम्ही काय शोधलं हे कुणी आधी विचारत नाही, एच-इंडेक्स विचारतात. सोपं करून सांगते. दुसऱ्या संशोधकाने त्याच्या पेपरात माझ्या पेपरचा दाखला दिला, की ते एक सायटेशन. एच-इंडेक्स दहा म्हणजे माझे दहा पेपर असे, की प्रत्येकाला किमान दहा सायटेशन्स आहेत. आमच्या संस्थेने या आकड्याची एक रेघ आखली होती. प्रोफाइलवर मी त्या रेघेच्या बरीच वर होते.

"राहू द्या की," प्राचार्य म्हणाले. "कॉम्प्युटरनेच जोडलेत. तुम्ही थोडेच चोरलेत?"

"आणि मुलाखतीत कोटिंगवर प्रश्न आला तर?"

त्यांनी स्क्रीन परत स्वतःकडे वळवली. माझा राग मात्र वेगळाच होता. माझं लग्नाआधीचं काम त्या प्रोफाइलमध्ये नव्हतंच. मिरगीच्या औषधाने उंदरांची स्मरणशक्ती कमी होते का, यावरचा माझा सगळ्यात गाजलेला पेपर त्याच कामातला. तो एस. बी. चौधरी या नावाने छापला गेला. बी म्हणजे भास्कर, माझे वडील. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं गेलं. वडिलांच्या जागी नवरा आला, चौधरीच्या जागी पाटील, आणि मी एस. आर. पाटील झाले. पेढे सगळ्यांना वाटले, पण माझ्या पेपरांना कुणी कळवलं नाही. आणि खानदेशात पाटलांना काय तोटा! कॉम्प्युटरने दुसऱ्याच कुणा एस. आर. पाटलांचं काम उचलून माझ्या पदरात टाकलं.

त्या पेपरांवरून माग काढला. धुळ्याच्या एका कॉलेजात सुरेश रामदास पाटील नावाचे प्राध्यापक निघाले. फोन लावला. मी एरंडोलची म्हटल्यावर गडी थेट अहिराणीवर आला.

"मना बठ्ठा पेपर तुमना नाववर शेतस? तरीच!" ते हसायला लागले. पीएच.डी.चे गाइड होण्यासाठी त्यांनी अर्ज केला होता आणि त्यांची प्रोफाइल रिकामी दिसत होती. तरी म्हणाले, "माले घाई नही, ताई. तुमनी मुलाखत व्हई जाऊ द्या, मंग काढा."

खोटं कशाला बोलू, दुपारभर मला ते पटलं होतं. माणूस स्वतःहून देतोय, आपण कशाला शहाणपणा करा? मग त्यांचा अडकलेला अर्ज आठवला आणि माझीच मला लाज वाटली. बसले आणि त्यांचे सगळे पेपर काढून टाकले. माझा आकडा रेघेच्या खाली आला. चौधरी नावाचे पेपर जोडायची विनंती पाठवली, पण मुलाखतीआधी उत्तर आलं नाही.

मुलाखतीला बाहेरून आलेले तज्ज्ञ वयस्कर होते, आमच्याच विषयातले. "आकडा कमी पडतोय," ते म्हणाले.

"एस. बी. चौधरींचे पेपर धरले तर पुरेल, सर. त्या चौधरी म्हणजे मीच."

त्यांनी चष्मा काढला. "मिरगीवाला पेपर? तो मी विद्यार्थ्यांना वाचायला देतो. मी तर चौधरी सर समजत होतो." मग म्हणाले, "त्यात उंदरांच्या चक्रव्यूहातल्या चाचण्या संध्याकाळी का घेतल्या? कारण लिहिलेलं नाही."

"मे महिना होता आणि ॲनिमल हाउसचा कूलर बंद पडला होता. जळगावच्या उन्हात दुपारी आमचा शिपाई जागचा हलत नव्हता, तर उंदीर काय चक्रव्यूहात फिरणार?"

ते मनापासून हसले. म्हणाले, "मला पटलं. पण फाइलला कागद लागतो."

निवड अडकून पडली. शेवटी माझ्या संशोधनाचा पुरावा म्हणून मी लग्नाचा दाखला जोडला. उशिरा का होईना, प्रोफेसर झाले. धुळ्याच्या पाटलांनाही गाइडची मान्यता मिळाली.

परवा माझ्या एका विद्यार्थिनीचा पहिला पेपर तयार झाला. तिचा नुकताच साखरपुडा झालाय. मी विचारलं, "नाव कोणतं लिहितेस?"

"सासरी विचारून सांगते, मॅडम."

"उंदरांना इंजेक्शन देताना विचारलं होतंस सासरी?"

तिने नकारार्थी मान हलवली. मी म्हटलं, "लग्नानंतर घरात काय लावायचं ते लाव. पेपरवर मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच नाव." तिने खुर्ची पुढे ओढली, स्वतःचं नाव टाइप केलं आणि माझ्यासमोरच पेपर पाठवून दिला.