यादीत दोनदा आलेलं गाव

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा त्याच्याकडे सगळंच नवं होतं. बोर्ड नवा, शिक्के नवे, जीप नवी. पाणी तेवढं वाटणीत कुणाच्याच हाती लागलं नसावं. काही वर्षं उलटली तरी लोक त्याला नवा जिल्हाच म्हणत, अन् अशाच एका दुष्काळाच्या साली तिथल्या एका सरकारी कचेरीत कंप्युटर आला. कोणती कचेरी ते विचारू नका. त्याच्या पाठोपाठ मी आलो, रोजंदारीवर.

माझं काम टँकरच्या यादीचं. कोणत्या गावाला टँकर जाणार ते मी मशीनमधे टाकायचं, कागद छापायचा, अन् तो कागद घेऊन जीप पाणी भरायच्या ठिकाणी जायची. कंप्युटरला गार हवा लागते म्हणून खोलीत कूलर होता, अन् कूलरला पाणी लागतं म्हणून शिपाई त्यात रोज सकाळी बादली रिकामी करायचा. म्हणजे कुणाला पाणी द्यायचं हे ठरवायच्या आधी आम्ही मशीनची तहान भागवत होतो. यावर हसलो तर साहेब रागवायचे. साहेब पुण्याकडचे, माणूस सरळ, पण कंप्युटर म्हटलं की हात जोडायचे तेवढे बाकी. "कंप्युटर चुकत नाही," असं त्यांनी वरच्या लोकांना मीटिंगमधे सांगून ठेवलं होतं.

मी मूळचा किनवटचा, वसतिगृहात वाढलेला. कंप्युटर शिकलो नांदेडला, एका क्लासमधे. तिथले सर आयुष्यभर टायपिंग शिकवलेले. की-बोर्डावरच्या बाणांच्या बटनांना हात लावणं म्हणजे आपलं ताट सोडून शेजाऱ्याच्या ताटात हात घालणं, असं त्यांचं मत. बोटं जागची हलता कामा नयेत! कंट्रोल धरून एस दाबला की अक्षर मागं, डी दाबला की पुढं. बाणाकडं बोट गेलं की त्याच बोटावर पट्टी. पत्रं टाईप करायचा जो प्रोग्राम तिथं होता त्यात ते चालायचंही. वर्षभरात माझी बोटं अशी तयार झाली, की झोपेतसुद्धा चुकलं तर एस दाबून मागं गेली असती.

लातूरला आलो तर प्रकरणच वेगळं. काळा पडदा, कोपऱ्यात लुकलुकणारं एक चिन्ह. तिथं हुकूम टाईप करायचा, एंटर मारायचं, मशीन हुकूम पाळणार. याला शेल म्हणतात, एवढं बसवून देणारा माणूस सांगून गेला, अन् गेला तो गेलाच. पहिल्याच दिवशी मी एक अक्षर पुढं जायला कंट्रोल धरून डी दाबला. मशीननं मला सरळ दाराबाहेर काढलं. पुन्हा नाव सांगा, पुन्हा पासवर्ड सांगा. अरे, आत्ताच तर सांगितला की! पुन्हा आत गेलो, पुन्हा सवयीनं डी, पुन्हा बाहेर. सासऱ्याच्या घरी रुसलेल्या जावयाचेसुद्धा इतके हाल होत नसतील. अन् मागं जायला एस दाबला तर अख्खा पडदा दगड. काही दाबा, हूं नाही की चूं नाही.

साहेबांनी व्होल्टेजला दोष दिला. हेडक्लार्कनं माझ्या हाताला दिला, म्हणे नांदेडचा हात जड. शिपायानं मशीनला उदबत्ती ओवाळली. मी वायरी काढून परत खोचल्या, फडक्यानं बटनं पुसली, वरून एक थापही दिली. दर वेळी शेवटी सगळं बंद करून पुन्हा सुरू करायचं, अन् तेवढ्यात अर्धा दिवस जायचा.

त्यात एके सकाळी माझी अक्का आली. थोरली बहीण, शिरूर अनंतपाळकडं दिलेली. एस.टी.तून उतरून चालत कचेरीत, पदरानं तोंड पुसत. तिला सहा भरून सातवा महिना चालू होता अन् ती ओढ्यातल्या झऱ्यावरून पाणी आणून राहिली होती, वाटीवाटीनं घागर भरून.

"आमच्या गावाचं नाव कवा घालतूस?" म्हणाली. "तू हितं बसून करतूस तरी काय?"

"अक्का, माझ्या हातात काय हाय? साहेबांची सही लागते."

"मग सही घे की! लई शिकला म्हणून सांगत फिरते मी."

साहेबांनी पाहणीचा कागद मागवला, गाव खरंच कोरडं निघालं, अन् शनिवारी त्यांनी सही केली. "आजच्या यादीत टाक. जीप चारला निघते. आज राहिलं तर पुढच्या शनिवारी." आठवडाभर आणखी झरा, सातव्या महिन्यात. मी बसलो अन् हुकूम टाईप केला, अन् गावाच्या नावात मधेच एक अक्षर चुकलं. घाईत माणूस चुकतोच. बोटं गेली एसवर. पडदा दगड!

मला रडूच यायचं राहिलं होतं. जीपवाला खाली हॉर्न मारून राहिला. मी एंटर मारलं. काही नाही. म्हटलं अक्षर दिसो न दिसो, पूर्ण हुकूम पुन्हा टाईप केला, नीट, एंटर. काही नाही. आणखी एकदा, दात-ओठ खात, एंटर. काही नाही. मग डोकं फिरलं. म्हटलं कंट्रोल अन् एस दाबून हे मरतं ना, तर कंट्रोलबरोबर कोणतं तरी बटन त्याला जिवंतही करत असणार. अक्षरांच्या वरच्या रांगेपासून सुरुवात केली. पहिलंच बटन क्यू.

अन् पडदा धबाधबा वाहायला लागला. असं गाव नाही. गावाची नोंद झाली. गावाची नोंद झाली. म्हणजे मशीन बहिरं नव्हतंच. मी बोललेलं सगळं ऐकत होतं, फक्त तोंड बंद करून बसलं होतं. एस म्हणजे गप्प बस, क्यू म्हणजे बोल. बस्, एवढंच! मी खुर्चीवरून उडी मारली, कागद छापला, जिन्यावरून पळत जाऊन जीपमधे फेकला. गाव दोनदा आलंय हे पाहिलं होतं मी. दुरुस्त करायला बसलो असतो तर जीप गेली असती.

दुसऱ्या आठवड्यात अक्का परत आली. चेहऱ्यावर तजेला, डोक्याला तेल. बाकावर टेकली अन् सांगायला लागली. पहिला टँकर गावाच्या मोठ्या विहिरीत ओततात. तिथं आपल्या वस्तीच्या बायांनी लांब उभं राहायचं, वरून कुणी ओतलं तर घागर भरायची, नाहीतर तशीच घरी न्यायची. पण दुपारी दुसरा टँकर येतो. विहीर भरलेली बघून ड्रायव्हर पुढं येतो अन् वस्तीच्या आडात पाणी सोडतो. "आपल्या आडात, बाबा. आपल्या हातानं शेंदते मी. तुझ्या मशीनला माणसाची कणव हाय बघ."

गावाचं नाव घातलं की गावाला पाणी मिळालं, इतकाच हिशोब मी केला होता. अन् मी काय आभाळातून पडलेला होतो? त्याच वस्तीत माझी बहीण दिलेली.

तेवढ्यात साहेब यादी घेऊन आत आले. "हे काय? गाव एक आणि टँकर दोन? ही चूक आत्ताच्या आत्ता काढून टाका."

मला आता सगळं येत होतं. अक्षर कसं खोडायचं, ओळ कशी उडवायची, सगळं कागदावर टिपून पाठ केलेलं. मी बटनांवर हात ठेवले, पण बोटं हलेनात. राग आला होता मला, कुणाचा ते कळत नव्हतं.

अक्का बाकावरून उठली. कमरेला हात देऊन, हळूच. "साहेब, गाव एकच हाय ना?"

"हो, एकच."

"मग तेवढं एका कागदावर लिहून द्या. त्या मोठ्या हिरीवर आमी आमच्या हातानं पाणी शेंदावं, म्हणून. सही करा, शिक्का मारा. मी दुसरा टँकर आजच माघारी लावते."

साहेबांनी खिशातलं पेन काढलं. टोपण उघडलं. अक्काकडं पाहिलं, तिच्या पोटाकडं पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं. कूलर घरघरत होता. त्यांनी टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं अन् म्हणाले, "यादी राहू द्या तशीच."

पाऊस पडेपर्यंत दोन्ही टँकर गेले. लिहून मात्र कुणी दिलं नाही.