हेलिकॉप्टरवर राज्यपाल

आमच्या ह्यांच्या पायाला भिंगरी आहे, हे लग्न ठरलं तेव्हाच मला कुणीतरी सांगायला हवं होतं. रवींद्र देवतळे या गृहस्थांनी एक कप चहा एका जागी बसून संपवलेला मी अजून पाहिलेला नाही. पहिला घोट टेबलाशी, दुसरा गॅलरीत, उरलेला कप जिन्यात विसरलेला. पंखा जरा कुरकुरला की हे स्टुलावर. वर्ध्याहून नोकरीसाठी भोपाळला आले, पिपलानीच्या कारखान्यात टर्बाइनच्या चाचणीवर लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. टर्बाइनवरचा भार कमीजास्त झाला तरी तिचा वेग हलू नये म्हणून एक यंत्र बसवतात, त्याला गव्हर्नर म्हणतात. ती यंत्रं तपासण्यात ह्यांचा जन्म गेला. मग क्वार्टर सोडून आम्ही अशोका गार्डनला रेल्वे लाइनीजवळ फ्लॅट घेतला, आणि मला वाटलं, आता तरी हा माणूस बसेल.

बसला नाही. नोकरीत असतानाच ह्यांना खेळण्यातल्या हेलिकॉप्टरचा नाद लागला होता. ‘खेळण्यातलं’ म्हटलं की चिडतात, कारण ते कुत्र्याएवढं मोठं आहे, त्याला खरं इंजिन आहे आणि त्याच्या इंधनाचा वास आमच्या चादरींना येतो. दर रविवारी सकाळी पिपलानीच्या पलीकडच्या मोकळ्या मैदानावर ते उडवायचं आणि मी स्कूटरच्या सीटवर चहाचा थर्मास घेऊन बसायचं, असा आमचा संसार.

इतकी वर्षं ऐकून मलाही त्यातलं थोडं कळायला लागलं. रिमोटची काडी वर केली की दोन गोष्टी एकदम होतात. डोक्यावरची पाती कलतात आणि इंजिनाला इंधन जास्त मिळतं. कललेल्या पात्यांना हवा जड जाते, म्हणून इंजिनानं नेमका तेवढाच जोर लावायला हवा. कमी पडला तर पाती मंदावतात आणि हेलिकॉप्टर खाली बसतं. जास्त झाला तर पाती बेफाम फिरतात आणि कधी तुटतील याचा नेम नाही. काडी किती वर गेली की किती इंधन द्यायचं, ते रिमोटमध्ये आधी भरून ठेवायचं असतं, आणि भरलेलं बरोबर आहे की नाही ते आमचे हे फक्त आवाजावरून ठरवत.

जितेंद्र म्हणून बँकेतला एक मुलगा आमच्यासोबत उडवायला येतो. मुलगा कसला, चाळिशीला आलाय. तो कितीदा म्हणायचा, “काकू, काकांना समजवा ना. छोटावाला गव्हर्नर येतो आता. एकदा लावला की वेग आपोआप सांभाळतो, टेन्शनच खतम.” मी ह्यांना म्हणायचे, लावा की हो राज्यपाल, आपल्या भोपाळात राज्यपालांना काय तोटा. ह्यावर ह्यांचं उत्तर ठरलेलं. जन्मभर दुसऱ्यांच्या यंत्रांना गव्हर्नर लावले, माझ्या यंत्राला माझा कान पुरे.

त्या कानाचीच मला शंका यायला लागली होती. आमच्या घराजवळून रेल्वेगाडी धडधडत गेली की घरातले सगळे वाक्य अर्ध्यावर सोडून थांबतात, ती गेली की पुढचं बोलतात. पाहुणेसुद्धा दोन दिवसांत शिकतात. हे मात्र अलीकडे गाडी चालू असतानाच बोलत राहायचे आणि मी ‘काय?’ म्हटलं की माझ्यावरच वैतागायचे. कुकरच्या शिट्ट्या ह्यांच्या शेजारी वाजून जायच्या. मैदानावर तर मला स्पष्ट कळत होतं. त्या इंजिनाच्या आवाजानं माझं डोकं इतकी वर्षं दुखवलंय की तो माझ्या हाडांत बसलाय. तो महिन्यामहिन्याला बारीक, टोकदार होत चालला होता. ह्यांना तो मंद वाटायचा, म्हणून हे दर रविवारी इंजिनाला थोडं थोडं जास्त इंधन द्यायचे. मी सांगितलं तर म्हणाले, तुझेच कान तपासून घे. मला भीती वाटत होती आणि राग येत होता, आणि दोन्ही एकदम आलं की मी फक्त भांडते.

मार्चमधल्या एका रविवारी मला ऊन लागलं म्हणून मी सीटवरून उठून बाभळीच्या सावलीत गेले. हेलिकॉप्टर वर होतं. आवाज किंचाळायला लागला, जितेंद्र ‘काका, कम करो’ म्हणत धावला, आणि कापड फाटावं तसा आवाज झाला. एक पातं उडून आलं आणि स्कूटरच्या सीटमध्ये घुसलं. फोम बाहेर आला होता. हेलिकॉप्टर कुठं पडलं ते कुणी पाहिलंसुद्धा नाही.

हे आले, पातं उपसलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाले, पातंच खराब होतं. नाचता येईना, अंगण वाकडं. मी जितेंद्रसमोरच म्हणाले, “अहो, तुम्हाला ऐकू येत नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ओरडतील. ते खाली वाकून मोडके तुकडे गोळा करायला लागले.

त्यानंतरचे दिवस मी कुणा वैऱ्यालाही देणार नाही. दुरुस्त केलेलं हेलिकॉप्टर माळ्यावर गेलं आणि हे घरावर उतरले. चांगला चाललेला मिक्सर उघडला. सगळे नळ बदलले. रात्री तीनदा उठून खिडक्या बघायचे. मी म्हटलं, उडवा हो एकदाचं ते, मी सीटवर नाही बसणार. नको म्हणाले. एका सकाळी न सांगता हबीबगंजकडच्या कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. कारखान्यातल्या गडगडाटानं बारीक सूर कधीचेच गेलेत, म्हणाले, आणि ते परत येत नसतात. कानाला यंत्र बसवलं. त्यानं माणसं ऐकू येतात, इंजिन मात्र पत्र्याचा डबा बडवल्यासारखं वाटतं. मग कुणालाही न विचारता त्यांनी गव्हर्नर मागवला आणि स्वतः बसवला.

परवाच्या रविवारी उडवलं. पाती कललेली असोत की सरळ, वेग जागचा हलला नाही. हेलिकॉप्टर चढलं, वळलं, हवेत टांगल्यासारखं स्थिर राहिलं. जितेंद्रनं टाळ्या वाजवल्या. मी ह्यांच्या पायांकडे बघत होते. ते सारखे जागा बदलत होते, डावा, उजवा, डावा. सांभाळायचं काही उरलं नव्हतं आणि माणसाला उभं राहवत नव्हतं.

उतरवल्यावर हे माझ्याजवळ आले. जितेंद्र चांगलं झालं म्हणत होता, तिकडे लक्ष नव्हतं.

“मंगला, आवाज कसा होता?”

“चांगला होता.”

“चांगला म्हणजे कसा?”

स्थिर होता, मी सांगितलं. चढताना जरा दबला आणि लगेच सावरला.

“किती दबला?”

आता ते मी शब्दांत कसं सांगणार? आजूबाजूला बघायला जमलेले लोक होते. तोंड उघडून मी तो आवाज काढला, आधी सरळ, मग जरासा खाली, मग परत वर. त्या आवाजाचा मी आयुष्यभर तिरस्कार केला. एक बाई हसली. ह्यांनी कानातलं यंत्र काढून हातात घेतलं आणि माझ्या घशावर दोन बोटं टेकवली.

“पुन्हा कर,” ते म्हणाले.

मी पुन्हा केला. ह्यांचे पाय थांबले होते.