आणि साथी

पांढुर्ण्याच्या मोतीराम खोब्रागड्यांची प्रमिला एकोणीस वर्षांची असताना नागपूरला गाऊन आली. विनायकराव डोंगऱ्यांच्या भीमगीत पार्टीची कॅसेट निघणार होती, आठ गाण्यांची. नाव ‘उजेडाचं बियाणं’. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून एका खोलीच्या खिडक्यांना घोंगड्या ठोकल्या होत्या, आणि त्या उकाड्यात तीन दिवस गाणं चाललं. शेवटच्या, आठव्या गाण्यात विनायकराव पहिलं कडवं तेवढं म्हणत. बाकीचं सगळं प्रमिलाच्या गळ्यावर सोपवलेलं. कॅसेट आली तेव्हा कव्हरवर विनायकरावांचा कोटातला फोटो होता आणि खाली बारीक अक्षरांत ‘आणि साथी’. प्रमिला त्या साथींत होती.

त्याच वर्षी तिला सौंसरचं स्थळ आलं. मुलगा श्रावण तहसिलीत बाबू, निर्व्यसनी, मितभाषी. सगळं जुळल्यावर त्यानं मोतीरामजींना अंगणात बाजूला घेतलं. "गाण्याचं मले समजलं हाय. पार्टीसंग फिरलेली बाई म्हणून सौंसरात कोणी बोट दाखवू नये. ते इथंच राहू द्या."

मोतीरामजी घरात आले आणि लेकीला म्हणाले, "मी शब्द देऊन टाकला, बाई."

प्रमिलाला कोणी विचारलंच नाही.

ती सौंसरला आली आणि तिच्या मागोमाग कॅसेटही आली. लग्न असो, बारसं असो, जयंती असो, भोंग्यावर ‘उजेडाचं बियाणं’च. नळावर पाण्याला उभी राहिली की डोक्यावरून तिचाच आवाज जायचा. बाकीच्या बाया गुणगुणायच्या, ही पाण्याच्या गुंडाखाली हात धरून पाण्याकडे बघत राहायची. घरात तर ती ओवीसुद्धा ओठांतच म्हणे. श्रावणनं ती कॅसेट कधी घरात येऊ दिली नाही. "डोकं दुखते माहं," एवढंच सांगायचा.

सासू इंदूबाईला मात्र त्या कॅसेटचं वेड होतं. जन्मभर दुसऱ्याच्या वावरात निंदण-वेचणी केलेली बाई. रोज दुपारी शेजारच्या पुष्पाकडे जाऊन ती पूर्ण कॅसेट ऐकायची. आठवं गाणं लागलं की सुपारी फोडता फोडता अडकित्ता तसाच हातात राही. घरी येऊन सुनेला सांगायची, "काय गळा देल्ला हाय त्या पोरीले!" प्रमिला "हो आत्याबाई" म्हणून कणकेत पाणी घालायची.

सत्त्याऐंशीच्या जानेवारीत भिंतीवर कागद लागले. विनायकराव डोंगरे पार्टी सौंसरला येणार, आणि ती कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्याच क्रमानं गाणार. बोरगावकडच्या लोकांना उजेडी परतता यावं म्हणून कार्यक्रम दुपारी ठेवला होता. श्रावण सरकारी कामानं छिंदवाड्याला गेला होता.

"तुम्ही जा आत्याबाई, मी राहते घरी," प्रमिला म्हणाली.

"आन् माहे गुडघे कोण नेईन? चाल!"

मैदानात दोर बांधून बायांची बाजू वेगळी केली होती. दोघी पोचल्या तेव्हा तिथं पाय ठेवायला जागा नव्हती. कशाबशा मधोमध शिरल्या. प्रमिलानं पदर कपाळापर्यंत ओढून घेतला. मंचावर तोच ढोलकवाला, तोच बेंजोवाला. विनायकराव पेटीवर बोटं ठेवण्याआधी दोनदा खाकरले, तसे ते नेहमीच खाकरत. त्यांच्या डाव्या हाताला, जिथं प्रमिला बसायची तिथं, निळ्या साडीतली एक मुलगी बसली होती.

पहिलं गाणं सुरू झालं आणि मैदान डोलायला लागलं. प्रमिलाला प्रत्येक ठिकाण ठाऊक होतं, कुठं श्वास घ्यायचा, कुठं विनायकराव मानेनं खूण करतात. खूण झाली की तिचा गळा आतल्या आत हलायचा आणि तिथंच थांबायचा.

सातवं संपलं तेव्हा इंदूबाई नाराजीनं म्हणाली, "हे पोरगी कॅसेटीतल्यावानी नाही गाऊन राहिली. ते दुसरी होती. कुठं गेली असन ते?"

प्रमिला काही बोलणार नव्हती. तीन वर्षं बोलली नव्हती. पण तोंडातून निघून गेलं.

"इथंच हाय, आत्याबाई. ते मीच."

इंदूबाईनं वळून पाहिलं. आधी थट्टा वाटली असावी, मग सुनेचा चेहरा दिसला.

"श्रावणले माहीत हाय?"

"हो. त्यायनंच बंद करवलं."

म्हातारीनं पदर खोचला. मग गुडघ्यावर हात देऊन म्हणाली, "ऊठ. घरी चाल."

दोघी उठल्या. पण मागं बाया, पुढं बाया, लेकरं मांडीवर. "बसा ना वो बाई, दिसून नाही राहिलं!" कोणीतरी ओरडलं. निघायला वाट नव्हती. दोघी पुन्हा खाली बसल्या, आणि आठवं गाणं लागलं.

विनायकरावांचं कडवं संपलं. निळ्या साडीतल्या मुलीनं उचललं, "पाटी घे वो माये हाती, इळा ठेव खाली..." आणि प्रमिलाचा आवाज निघाला. मोठा नव्हता. दोन-तीन रांगांना ऐकू जाईल एवढाच. शेजारची बाई तिरसटून म्हणाली, "आम्ही त्यायचं आयकाले आलो, तुहं नाही!"

"तू चूप बस," इंदूबाई म्हणाली. "गाऊ दे तिले."

प्रमिला शेवटपर्यंत गायली. तिनं मंचाकडे पाहिलं नाही, सासूच्या हिरव्या बांगड्यांकडे बघत राहिली. आजूबाजूच्या बायांनी गाणं संपायच्या आतच तिच्याकडे माना वळवल्या होत्या.

चार दिवसांत गोष्ट फिरत फिरत विनायकरावांपर्यंत गेली. पुढच्या रविवारी ते घरी आले. श्रावण ओसरीवर होता. इंदूबाईनं त्याला सगळं आधीच सांगितलं होतं, आणि तेव्हापासून तो घरात कोणाशी धड बोलला नव्हता. चहा झाला. विनायकरावांनी हात जोडले. "पुढच्या महिन्यात नागपुरात कार्यक्रम हाय. एक दिवस पाठवा. मी सोता आणून सोडीन."

श्रावण म्हणाला, "ते आता गात नाही."

विनायकरावांनी म्हातारीकडे पाहिलं. मैदानात त्या बाईला गप्प करणारी इंदूबाई लेकासमोर कपबशा गोळा करू लागली.

प्रमिला आतल्या दारात उभी होती. पदर डोक्यावर होता, पण आवाज स्वच्छ आला.

"गाते मी, विनायकराव. फक्त येता येत नाही."

विनायकराव उठले आणि चपला घालून निघाले. प्रमिला आत गेली आणि भाकरीचं पीठ काढायला तिनं डबा उघडला.