पांढऱ्या खुणांची वाट

नव्वदच्या दशकात मी कुपवाडच्या एका वर्कशॉपात फिटर होतो. माणच्या माळावर लांडग्यांचा अभ्यास चाललाय, हौशी मदतनीस हवेत, असं पेपरात वाचलं आणि आठ दिवसांची रजा टाकली. बायको म्हणाली, "माज्या म्हायेरी यायला रजा न्हाई, लांडग्याच्या घरी जायला बरी मिळती!"

अभ्यास करणाऱ्या बाई पुण्याच्या. "बीळ सापडलं तर कुणापाशी बोलायचं नाही," त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. चार दिवस नुसते ठसे शोधत उन्हात भाजलो. शेवटी एका म्हाताऱ्या मेंढपाळाला आमची कीव आली. "आवं, किती हिंडताय? चला, दावतो."

ओढ्याच्या काठाशी बीळ होतं. तोंडाशी चार पिल्लं एकमेकांच्या अंगावर लोळत होती. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यांच्या आईनं म्हाताऱ्याचं एक कोकरू नेलं होतं. त्याबद्दल विचारलं तर म्हणाला, "तिचा वाटा हुता, न्हेला."

माळावरचे सगळे दगड सारखेच. दुसऱ्या दिवशी पुन्हा येताना वाट चुकायला नको म्हणून संध्याकाळी मी एकटाच परत गेलो. आमच्या वर्कशॉपात खूण केल्याशिवाय कुणी ड्रिलला हात लावत नसे, आणि पिशवीत सवयीनं घेतलेला पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा होताच. गाडीवाटेपासून बिळापर्यंत वीस-वीस पावलांवर एकेका दगडावर ठिपका दिला. बिळाशेजारच्या मोठ्या धोंड्यावर तर झकास बाण काढला. हा रंग पावसातही जात नाही, असं बाईंना ऐटीत सांगणार होतो.

सकाळी गेलो तर बिळाचं तोंड काट्याकुट्यांनी आणि दगडांनी बुजवलेलं, वर राख. शेरडं गमावलेली माणसं कधीपासून ते बीळ शोधत होती. त्यांना मी आयती वाट आखून दिली होती. आत धूर कोंडून चारही पिल्लं मेली होती. आम्ही ती बाहेर काढत होतो तेव्हा मादी समोरच्या टेकाडावर उभी होती. बाईंनी एकदा बाणाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि वही उघडली. मी कुणापाशी एक शब्द बोललो नव्हतो, हे मनातल्या मनात दहादा घोकलं. त्याचा काय उपयोग? मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हातारा आला, खाली बसला आणि वाळूनं एक ठिपका घासायला लागला.

"आता कशाला, मामा?"

"पुढल्या साली ती हितंच आली तर?" त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

मीही घासायला बसलो. बोटं सोलली, रंग गेला नाही. मग आम्ही तिघांनी गाडीवाटेपर्यंतचा एकेक दगड पालथा केला. राहिला तो बाणाचा धोंडा. तिघांनी खांदे लावले, म्हाताऱ्यानं काठी घालून उचकटून पाहिलं. तो तसूभरही हलला नाही.