गोणपाटाची भिंत

आत्यानं पोत्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं शिलाई केली. कारखाना बंद पडला. त्याच्यामागची टेकडी लोकांनी खणून खणून बोडकी करून ठेवली आणि तिची माती घसरून आत्याच्या दाराशी येऊ लागली. चार अर्ज झाले, चारही कुठंतरी गडप झाले.

भाची चित्रकलेचं शिकलेली. एक दिवस येऊन म्हणाली, "आत्या, मला गोणपाटाची भिंत शिवून दे. शेकडो खिसे, खिशात माती आणि आपल्याच टेकडीवरच्या गवताचं बी. माझं प्रदर्शन भरणार आहे त्या दालनात येणारी माणसं स्वतःच्या हातानं पाणी शिंपडतील. गवत आलं की भिंत उचलून टेकडीवर अंथरायची. मुळं माती धरून ठेवतील."

"टेकडीला पांघरूण घालायचंय, असं सरळ बोल की," आत्या म्हणाली आणि मशीनला हात जोडून कामाला बसली.

खिशांची तोंडं अर्धी उघडी ठेवायची, हे भाचीनं बजावलं होतं. पण अर्धं पोतं शिवणं आत्याच्या हाताला ठाऊकच नव्हतं. तिनं साखळी टाक्यानं एकूण एक तोंड घट्ट बंद केलं. भाचीला वाटलं, कोंब विणीतून वाट काढतील.

नाही काढली. उद्‌घाटन उद्यावर आलं आणि भिंत ओल्या पोत्यासारखी नुसती लोंबत होती. दालनाचे व्यवस्थापक प्लास्टिकच्या गवताचं खोकं घेऊन आले.

"चार दिवस टाचणीनं लावू. लांबून कुणाला कळतंय?"

आत्यानं एका खिशाचा दोरा धरून ओढला. टाके सरसर उसवले. आत कोंब होते. पिवळे, माना मुडपून बसलेले.

"बी चांगलं आहे. मीच कोंडून घातलं," आत्या म्हणाली. "चूक माझी. पण हे प्लास्टिक लागणार नाही."

"चला, दोघी मिळून सगळे उसवू," भाची म्हणाली.

"आपण नाही. येणारी माणसं उसवतील. पाणी शिंपडून मोकळं व्हायचं, हे कसलं काम?"

"मावशी, लोक कापडाच्या चिंध्या करतील. माझ्या दालनात हे चालणार नाही," व्यवस्थापक म्हणाले.

"मग उतरवा भिंत. आत्ताच टेकडीवर नेते. तिला उद्‌घाटन लागत नाही."

"आणि माझे पाहुणे काय बघतील?"

"तुमचं खोकं."

भाचीला हसू आवरेना. "उसवा मग," म्हणत व्यवस्थापकांनी खोकं काखेत मारलं आणि ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी आत्या भिंतीशी उभी राहिली. "डावीकडचा दोरा. उजवा ओढलात तर गाठ बसेल." गाठी बसायच्याच; मोठमोठी शिकलेली माणसं गाठी मारून ओशाळत होती आणि आत्या दाभणानं त्या सोडवून पुन्हा दोरा त्यांच्याच हातात देत होती. उघडलेल्या खिशासमोर मात्र जो तो क्षणभर थांबे, बोटानं माती बाजूला सारून कोंबाला वर यायला जागा करून देई. आठवडाभरात पिवळ्याचं हिरवं झालं.

व्यवस्थापक पुन्हा आले. लोकांना भिंत आवडली होती, त्यांना ती वर्षभर ठेवायची होती. काच लावू म्हणाले, खाली आत्याचं नावही घालू.

"नाव टेकडीवर घाला, तिथं जागा भरपूर आहे," आत्या म्हणाली आणि शिडीवर चढून भिंतीचा पहिला हूक काढला.