नोंग आप्योच्या पिस्तुलातला गॅस

नोंग आप्यो, नोंग म्हणजे आमच्याकडे थोरला दादा, पहिल्यांदा माझ्या दुकानात आला आणि काचेवर बोट आपटून सगळ्यात मोठं, सगळ्यात चकचकीत पिस्तूल मागायला लागला. पुरुषमाणूस दुसरं काय मागणार म्हणा. माझं दुकान ला पाझ भागातल्या बाजारामागे, बाचोय म्हणजे शेवयांचं सूप विकणाऱ्याच्या डोक्यावर. विकते मी खेळातल्या बंदुका, पण माल उघडला की वास येतो डुकराच्या हाडांच्या रश्श्याचा. या बंदुका गॅसवर चालतात, त्यांतून प्लॅस्टिकची मण्याएवढी गोळी सुटते, लागली की सणसणीत चिमटा बसतो, बाकी काही नाही. रविवारी आमचं अर्धं इलोइलो शहर असले चिमटे खायला जातं.

"नोंग, तुमचा पंजा केवढा, ते धूड केवढं," मी म्हटलं. "युद्धावर निघालात की काय?"

"युद्धावरच समज, इंदाय," तो म्हणाला, इंदाय म्हणजे पोरी, आणि न सांगता स्टुलावर बसला.

या माणसाची उभी हयात मालवाहू बोटींवर स्वयंपाक करण्यात गेली. वर्ष-दीड वर्षाने घरी यायचा, महिनाभर राहायचा, चॉकलेटं वाटायचा आणि पुन्हा पसार. बायको गेली तेव्हाही कुठल्याशा समुद्रात होता. आता कायमचा परतला, तर घरात एकटी मुलगी, डायोसा. लग्नाच्या वयाची, बँकेत नोकरीला, आणि बापाशी, तिच्या तातयशी, वागण्यात इतकी गोड की बघवत नाही.

"'तातय, तुम्ही जेवलात का? तातय, पंखा वाढवू का तुमच्यासाठी?' दिवसभर हेच," आप्यो म्हणाला. "काल मला काचेच्या ताटलीत वाढलं. कपाटातल्या. स्वतः प्लॅस्टिकच्या ताटलीत जेवत होती. घरच्या माणसाला कुणी कपाटातली ताटली काढतं का गं?"

आम्ही इलोइलोची माणसं शिव्यासुद्धा पाकात बुडवून देतो, साऱ्या देशाला ठाऊक आहे. पण आपल्या माणसाशी गोड बोलणं वेगळं आणि पाहुण्याशी गोड बोलणं वेगळं. आप्योला पोर पाहुण्यातलं देत होती.

तीच डायोसा रविवारी बंद पडलेल्या साखर कारखान्यात आपल्या खेळाच्या टोळीची कप्तान असते, आणि तिथे तिचं तोंड सुटलं की कानात बोटं घालावी लागतात. चुकलेल्या गड्याची ती सात पिढ्यांसकट धुलाई करते. आप्योला त्या टोळीत घुसायचं होतं. तिथे तरी कपाट नाही, असा त्याचा हिशेब.

मग मी त्याला मधल्या आकाराचं, वरचा सरकणारा भाग प्लॅस्टिकचा असलेलं पिस्तूल दिलं. पहिलं पिस्तूल घ्यावं ते मुठीत बसणारं आणि ज्याचे सुटे भाग कुठेही मिळतील असं. दिसायचं काम मालकाने करावं. मग गॅस.

"हा सौम्य डबा. हाच वापरायचा," मी बजावलं. "तो हिरवा जोरकस. आपल्या एप्रिलच्या उन्हात तो भरलात तर प्लॅस्टिकला तडा जाईल."

त्याने हिरवा डबा उचलून वाचला. "अगं, हा तर स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊ."

"भाऊच. पण याचा वास काढलाय आणि रबर सुकू नये म्हणून तेल घातलंय. ठेवा तो खाली."

त्याने मान डोलावली. पुरुष मान डोलावतो तेव्हा ऐकत नसतो, हे मी लग्न करून शिकले आहे.

सौम्य डबा संपेपर्यंत बरं चाललं. बरं म्हणजे काय, डायोसा त्याला टोळीत घेऊन सावलीत खुर्ची द्यायची. "तातय, तुम्ही इथून बघा हं." पिस्तूल बिचारं मांडीवर; डबा संपला तो घरी नेम धरण्यात. शेवटी एका रविवारी गडी कमी पडले आणि तिने त्याला सोबत घेतलं. मी फाटकापाशी टेबल मांडून गोळ्या विकत होते, तिथून सगळं दिसत होतं.

डायोसाची टोळी जुन्या बॉयलरच्या आडोशाला दबा धरून बसली. समोरची टोळी बेसावध चालत आली. आणखी थोडी पुढे आली असती तर खलास. तेवढ्यात त्यांच्यातला एक ढेरपोट्या थबकला आणि नाक वर करून हुंगायला लागला.

"गॅस कुणाचा चालू राहिलाय रे?"

"बॉयलरकडून येतोय," दुसरा म्हणाला. "शिजतंय काय बघू या."

नाकाच्या मागे मागे गेले आणि सगळ्यांना टिपलं. डायोसाची टोळी "हिट, हिट" ओरडत, हात वर करून एकेक बाहेर आली. सगळ्यात मागून आप्यो, आणि त्याच्याबरोबर तो वास.

डायोसाने त्याच्या पिस्तुलातलं गोळ्या आणि गॅस भरायचं मॅगझिन ओढून काढलं, हुंगलं. तोंडावर पाहुण्यातलं हसू आणलं.

"तातय, हे तुम्ही कशाने भरलंत?"

"घरच्या सिलिंडरने. बाजारात भरायला पितळी नळी मिळते."

"स्वयंपाकघरात? शेगडी बंद होती ना?"

"नुसता भात होता गं वर."

"नुसता भात?"

हसू गळून पडलं. मग जे सुटलं ते मी कारखान्याच्या त्या आवारात कधी ऐकलं नव्हतं. "अक्कल काय बोटीवर विसरून आलास? एवढ्या समुद्रांनी तुला बुडवलं नाही, आणि तू भातापायी भाजून मरणार? आई गेली तेव्हा मी एकटी उभी होते. परत एकटीने उभं राहायचं मी? म्हातारा झालास, पेटत्या शेगडीशेजारी गॅस भरायचा नसतो एवढं कळत नाही तुला?" रडत होती आणि मॅगझिनने त्याच्या छातीवर ठोसे मारत होती. समोरची टोळी टोप्या काढून उभी होती.

पाणी प्यायला ती वळली तेव्हा आप्यो माझ्या टेबलापाशी आला. डोळे लाल, नाक वाहतंय.

"सौम्य डबा दे, इंदाय."

"आधीच ऐकलं असतंत तर..." मी सुरू केलं.

"तू थांब," तो म्हणाला. "ती परत बोलायला लागलीय. मला ऐकू दे."