काचेवरचा हात

हिम्मतराव बिरादार काच घासायचा. मी त्याच कारखान्यात लेथवर होतो. १९९८ साली स्वेच्छानिवृत्ती आली तेव्हा काच विभागातल्या अकरापैकी दहा जणांनी अर्ज भरले. हिम्मतरावानं भरला नाही. एक आरसा राहिला होता.

आरसा वीतभर, दुर्बिणीला जोडून ग्रह शोधायच्या यंत्रातला. लांबच्या ताऱ्याभोवतीचा ग्रह स्वतः उजळत नाही. ताऱ्याचा उजेड त्याच्यावरून परततो, तेवढाच. आरशावर जरासा उंचसखलपणा राहिला तर ताऱ्याचा उजेड फाकतो आणि ग्रह त्यात बुडतो. मार्चअखेर विभागाला कुलूप लागणार होतं. तोवर आरसा झाला नाही, तर तो परदेशातून मागवणार होते.

बायको गेल्यापासून चिक्कडपल्लीच्या खोलीत हिम्मतराव एकटाच. दुपारी मी दोघांचा डबा घेऊन काच विभागात त्याच्याकडे बसायला जाऊ लागलो.

एकदा चाचणीत आरशाच्या कडेला उंचवटा दिसला. सकाळी नव्हता. त्यानं दोन तास घासून तो उतरवला. दुसऱ्या दिवशी तिथं खड्डा. काचेतला खड्डा भरत नाही; सगळा आरसा तेवढा खाली आणावा लागतो.

"हात म्हातारा झाला माझा," तो म्हणाला. मग म्हणाला, "हाताच्या उबेनं काच फुगते, निवली की बसते. पण मी तर शिवलोच नव्हतो."

लेथवाल्याला तयार काम चाचपल्याशिवाय राहवत नाही. आदल्या दुपारी, चाचणीआधी तो पाणी प्यायला गेला, तेव्हा मी अंगठ्यानं कड पाहिली होती. बराच वेळ. मी सांगून टाकलं.

"हौला आहेस का रे? तीस वर्षं नुसतं लोखंडच कळलं तुला?" त्यानं दाराकडे बोट केलं. "आता आत येऊ नको."

सव्वीस दिवस मी डबा दाराबाहेर ठेवला. दाराच्या तावदानातून त्याची पाठ दिसायची. दहा हात मारायचे, मेजाभोवती एक पाऊल सरकायचं, पुन्हा दहा. मग काच निवेपर्यंत लांब बसायचं. डबा गार झाल्यावरच तो खायचा.

एकोणतीस मार्चला त्यानं दार उघडलं. "ये. हात मागं बांधून ये."

चाचणीच्या भिंगातून मी पाहिलं. आरसा सगळीकडे सारखा करडा; कुठं उंचवटा नाही, खड्डा नाही. तो पलीकडे गेला आणि न शिवता आरशापुढे पंजा धरला. बोटांतून धुरासारख्या लाटा वर चढल्या.

"एका माणसाची ऊब बघ," तो म्हणाला. "दिवसभर मी एकटाच असतो, तरी ही खोली निवायला दोन तास लागतात."

त्यानं आरसा पेटीत ठेवला, झाकण आवळलं आणि स्टुलावर बसला. हाताला काम उरलं नव्हतं.

"डबा आत आणू?"

"आण. आता चालतंय."